पत आणि ऐपत

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा उपदेश आपणा मराठी माणसांस बाळकडूबरोबरच मिळालेला असतो. घर बांधावयास निघालेल्या माणसास तर तो दहा तोंडांनी ऐकावा लागतो. परंतु ज्या काळी ही म्हण रूढ झाली, त्या काळी अंथरूण एकदा शिवले म्हणजे फाटेपर्यंत त्याची लांबी तीच राहत असे. दर दोन-तीन महिन्यांनी आपोआप लांब किंवा आखूड होणारे अंथरूण आपल्या पूर्वजांनी पाहिले नव्हते. ते पाहण्याचा योग आमच्या पिढीस आला. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज हेच ते अंथरूण होय. आणि त्यावर पाय किती पसरावेत, हा प्रश्न यंदाच्या वैशाखात आमच्या चोपड्याच्या घरी, भर दुपारी, ओसरीवर येऊन बसला.

तो घेऊन आला आमचा भाचा. चोपड्यास वैशाखात दुपारी बारानंतर कोणी कोणाकडे सहसा जात नाही. त्या उन्हातून डोक्यास उपरणे गुंडाळून, काखेत कागदांची पिशवी मारून भाचा आला, तेव्हाच काम गंभीर आहे हे आम्ही ओळखले. माठातले पाणी पिऊन होताच त्याने दोन कागद आमच्यापुढे ठेवले.

"मामा, हे दोन्ही एकाच बँकेचे आहेत. पगार तोच, मुदत तीच, माणूस तोच. एका कागदावर मला ३५ लाख ८६ हजार रुपये मिळतात आणि दुसऱ्यावर ३२ लाख १८ हजार. फरक एवढाच, की पहिल्यात व्याजाचा दर बदलता आहे, दुसऱ्यात स्थिर. एका शब्दाने माझी ऐपत ३ लाख ६८ हजारांनी वाढते! मग दुसरा कागद कोणी का घ्यावा?"

या घराची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. आमच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, घर जुन्या गल्लीतले, धाब्याचे. खान्देशातली ही मातीच्या धाब्याची घरे उन्हाळ्यात जितकी सुखकर, तितकीच पावसाळ्यात जाचक. धाब्यावर कितीही माती टाकली तरी गळावयाचे ते गळतेच. मेहुण्यांनी आपल्या हयातीत गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत एक भूखंड घेऊन ठेवला होता. ते गेल्यापासून ताईचा एकच ध्यास : त्या जागेवर घर व्हावे, आणि थोरला येथे नोकरीस व धाकटा पुण्यास शिकावयास, असे जे दोन मुलगे आहेत ते पुढेमागे एका छपराखाली नांदावेत. म्हणून नकाशात वरच्या मजल्यावर धाकट्यासाठी दोन लहान खोल्या काढलेल्या होत्या. ३५ लाख ८६ हजारांत त्या खोल्या बसत होत्या. ३२ लाखांत त्यांचे काही खरे नव्हते.

बँकेचे गणित वरवर पाहता सरळ आहे. भाच्याच्या हाती दरमहा ६०,००० रुपये येतात. त्यांतील निम्मे, म्हणजे ३०,००० रुपये, हप्त्यास लागले तरी चालतील असे त्या बँकेने धरले. मुदत २० वर्षांची. आता १ लाख रुपये समान मासिक हप्त्यांनी २० वर्षांत फेडावयाचे, तर दरसाल दरशेकडा ८ या दराने हप्ता पडतो ८३६ रुपये. साडेनऊ दराने पडतो ९३२ रुपये. ३०,००० रुपयांत असे किती लाख बसतात, एवढाच मग भागाकार उरतो. बदलता दर आज ८ होता, स्थिर दर साडेनऊ. म्हणून एका कागदावर आकडा मोठा आला आणि दुसऱ्यावर लहान. माणसाच्या ऐपतीत तिळमात्र फरक झाला नव्हता. बदलला होता तो फक्त भाजक.

पण हा दीड टक्क्याचा फरक तरी कशाबद्दल? बँक जो पैसा कर्जाऊ देते तो ठेवीदारांचा असतो, आणि ठेवीदार तो एक वर्ष, तीन वर्षे, पाच वर्षे अशा बोलीने ठेवतात. कर्जदारास मात्र तो वीस वर्षांच्या बोलीने द्यावयाचा. मध्यंतरी व्याजाचे दर चढले तर ठेवीदारास अधिक द्यावे लागते. कर्जदाराकडून मात्र स्थिर दरामुळे तेवढेच मिळते. ही जोखीम बँकेने आपल्या शिरावर घ्यावयाची, तर ती तिचा मोबदला मागणारच. बदलत्या दरात हीच जोखीम कर्जदाराच्या शिरावर येते, आणि ती घेतल्याबद्दल त्यास आज दर थोडा कमी पडतो. म्हणजे भाच्यास जी ऐपत वाढल्यासारखी वाटली, ती वस्तुतः त्याने पत्करलेल्या जोखमीची किंमत होती.

आपल्याकडची मुले अमेरिकेत घर घेतात तेव्हा तीस वर्षे एकच दर राहणारे कर्ज त्यांस सहज मिळते, याचे पुष्कळांस आश्चर्य वाटते. तेथे १९३० नंतरच्या मंदीत असंख्य लोकांची घरे जप्त झाली, तेव्हा सरकारास मध्ये पडावे लागले. १९३४ साली गृहकर्जांस सरकारी विम्याची सोय झाली, आणि १९३८ साली अशी कर्जे बँकांकडून विकत घेणारी 'फॅनी मे' ही संस्था निघाली. जोखीम वाहावयास दुसरा खांदा मिळाला, म्हणून बँका दीर्घ मुदतीचा स्थिर दर देऊ लागल्या. आपल्याकडे गृहकर्ज हीच गोष्ट मध्यमवर्गास अलीकडची. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एच.डी.एफ.सी. ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापिली; तोवर पगारदार माणसाचे घर बहुधा निवृत्तीच्या वेळी हाती येणाऱ्या पुंजीतून उभे राही. आमच्या वडिलांच्या पिढीने घर म्हातारपणी बांधले आणि ऋणमुक्त बांधले. आम्ही ते तरुणपणी बांधतो आणि म्हातारपणापर्यंत फेडतो. यात वाईट काही नाही. मुले लहान असतानाच त्यांस हक्काचे अंगण मिळते, हा लाभ लहान नव्हे. मात्र फेडण्याचे वर्ष म्हातारपणाच्या अलीकडे राहिले पाहिजे, ही अट आहे.

आणि येथेच आम्हांस आमची स्वतःची गोष्ट भाच्यापुढे उघडी करावी लागली. २०२१ च्या सप्टेंबरात आम्ही एका बँकेकडून २० लाख रुपये घेतले, पावणेसात टक्के दराने, १५ वर्षांच्या मुदतीने. हप्ता सुमारे १७,७०० रुपये. २०३६ साली आमची नोकरी संपावयाची आणि त्याच वर्षी कर्जही. हिशेब असा बेताचा बसला, की आम्ही स्वतःवरच खूश झालो. दर बदलता आहे हे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती इतर बँकांस अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, वर्षाहून अधिक काळ ४ टक्क्यांवर स्थिर होता. आणि जी वस्तू काही काळ हलत नाही ती हलणारच नाही, असे मानण्याकडे मनुष्याच्या मनाचा कल असतो.

४ मे २०२२ रोजी तो दर हलला, आणि हलला तो थांबेना. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तो साडेसहा टक्क्यांवर गेला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांस आपली नवी बदलत्या दराची गृहकर्जे अशा बाहेरच्या दरास बांधावी लागतात, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तो फरक कर्जास लावावा लागतो. तेव्हा आमचा दरही अडीच टक्क्यांनी चढून सव्वानऊ झाला. हप्ता मात्र होता तेवढाच राहिला. आम्ही मनाशी म्हटले, बँक मोठी समंजस दिसते. पुढे एक पत्र आले आणि त्यात बारीक अक्षरांत शिल्लक हप्त्यांची संख्या होती. साडेतेरा वर्षे उरलेले कर्ज साडेअठरा वर्षांहून लांबले होते. हप्ता न वाढविता बँकेने मुदत वाढविली होती, आणि निवृत्तीनंतरची पाच वर्षे आमच्या नकळत तारण पडली होती.

ते पत्र आम्ही पुस्तकांच्या कपाटात ठेवले. घरात कोणास दाखविले नाही. पुरुषमाणसाचा हिशेब चुकला की तो प्रथम कागद लपवितो, हे आम्ही लाजत का होईना कबूल करतो. महिन्याभराने कपाट आवरताना ते सौभाग्यवतींच्या हाती लागले. त्या एवढेच म्हणाल्या, "कर्ज दोघांच्या सहीने काढले होते ना?" नंतर त्यांनी वही घेतली आणि हप्ता कितीने वाढविला तर कर्ज पुन्हा २०३६ सालीच फिटेल ते काढावयास बसल्या. तीन हजारांच्या आसपास आकडा आला. त्या वर्षी मुलीच्या शिकवणीचा खर्च नुकताच सुरू झाला होता. ते तीन हजार कोठून काढले, हे सांगत बसत नाही. प्रत्येक संसारास अशी ठिकाणे ठाऊक असतात.

आमच्यासारखे पुष्कळ असावेत. कारण १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांस सांगितले, की दर बदलेल तेव्हा हप्ता वाढवावयाचा, की मुदत, की दोन्ही थोडेथोडे, हे कर्जदारास विचारावे. आणि मुदत लांबविताना हप्ता व्याजासही पुरेनासा होणार नाही, याची काळजी घ्यावी. स्थिर दराकडे वळण्याची संधी द्यावी असेही त्यात होते. २०२५ साली ती गोष्ट बँकांच्या मर्जीवर सोपविण्यात आली. त्याच वर्षी रेपो दर पुन्हा उतरू लागला आणि आमचाही भार काहीसा हलका झाला. परंतु आम्ही वाढविलेला हप्ता कमी केला नाही. एकदा पोळलेली जीभ ताकही फुंकून पिते.

भाचा ऐकत होता. त्याने विचारले, "मग मामा, मी स्थिर दरच घेऊ का? तीन लाख कमी मिळाले तरी मनास स्वस्थता राहील."

आम्ही तो दुसरा कागद चष्मा लावून वाचला. तेथेही एक गोम होती. स्थिर दर वीस वर्षांचा नव्हताच. तो पहिल्या पाच वर्षांपुरता होता, आणि पुढे 'त्या वेळी चालू असेल तो' दर लागावयाचा होता. आपल्या देशात ज्यास स्थिर म्हणतात, ते कर्ज बहुधा असेच काही वर्षांपुरते स्थिर असते. शिवाय मुदतीआधी रक्कम भरल्यास शुल्क लिहिलेले होते. बदलत्या दराच्या घरगुती गृहकर्जावर असे शुल्क बँकांस २०१२ पासून घेता येत नाही. म्हणजे स्थिर दरात मोबदला वीस वर्षांचा मोजावयाचा आणि निर्धास्तपणा पाचच वर्षांचा मिळवावयाचा.

जुन्या सावकाराची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. तो जाचक होता यात शंका नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी त्याची खते जाळली, ती उगीच नव्हेत. पण त्याच्या खतात दर लिहिलेला असे, आणि थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्राने घालून ठेवला होता. आजच्या मंजुरीपत्रात वीस वर्षांचा दर लिहिलेला नसतो. दर काढण्याची रीत लिहिलेली असते : रेपो दर अधिक अमुक टक्के. अंकाच्या जागी सूत्र आले आहे. सूत्र वाचणाऱ्याने त्यात अंक घालून पाहावयाचा असतो, आणि तो आजचाच अंक घालून थांबावयाचे नसते.

एवढ्यात सौभाग्यवती पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. गोष्ट त्यांच्या कानांवर पडलीच होती. त्या भाच्यास म्हणाल्या, "तुमच्या वसाहतीशेजारी केळीच्या बागा आहेत ना? केळीवाला शेतकरी मुलीचे लग्न ठरविताना आजचा भाव धरतो का रे?"

"छे, मामी. तो पडलेला भाव धरतो. जूनमध्ये एक वादळ आले की उभी बाग आडवी होते."

"मग तूही पडलेला भावच धर. दर दोन टक्क्यांनी चढला असे समज आणि मांड."

त्यांनी वही पुढे केली. वाचकांनीही हा हिशेब पाहावा. तो कोणाच्याही घरी उपयोगी पडेल. ३५ लाख ८६ हजारांचे कर्ज, आणि दर ८ ऐवजी १० झाला. मुदत तीच ठेवावयाची तर हप्ता ३०,००० वरून सुमारे ३४,६०० वर जातो. हप्ता तोच ठेवला, तर पहिल्या महिन्याचे व्याजच २९,८८३ रुपये होते. मुद्दलात जातात अवघे ११७ रुपये. या चालीने कर्ज फिटावयास ५५ वर्षांहून अधिक काळ लागेल. भाच्याचे वय आज २८.

आता उलट बाजूने. १० टक्के दराने ३०,००० रुपयांच्या हप्त्यात किती कर्ज बसते? १ लाखास हप्ता पडतो ९६५ रुपये. तेव्हा जेमतेम ३१ लाख. स्थिर दराच्या कागदाहूनही हा आकडा लहान. भाच्याचा चेहरा उतरला. पण सौभाग्यवतींचे गणित अजून संपले नव्हते. ३१ लाखच काढावेत, आणि ते बदलत्या दराने काढावेत. आज ८ टक्क्यांनी त्याचा हप्ता सुमारे २५,९३० रुपये येईल. परंतु भरावयाचे मात्र ३०,०००, जणू दर आजच १० टक्के झाला आहे. वरचे चार हजार मुद्दलात जातील, आणि त्यावर शुल्क नाही. दर असाच राहिला तर वीस वर्षांचे कर्ज १४ वर्षे ८ महिन्यांत संपेल. दर उद्याच चढून १० झाला, तरी हप्ता २९,९१६. म्हणजे घरातल्या एकाही खर्चास हात लागणार नाही. जे स्थैर्य बँक दीड टक्क्यास विकत होती, आणि तेही पाच वर्षांपुरते, ते घरच्या घरी निर्माण करण्याची ही रीत.

ही रीत आमच्या घरचीच आहे असेही नाही. कॅनडात कर्ज मंजूर करतानाच प्रत्यक्ष दराहून निदान २ टक्के अधिक दर धरून माणसाची शक्ती तपासतात. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या ऑक्टोबरात तेथील नियंत्रकांनी ही वाढ अडीचवरून ३ टक्के केली. तेथे जे काम नियमाने बँकेकडून करवून घेतले जाते, ते येथे गृहिणीस वहीत करावे लागते, इतकाच भेद.

स्थिर दर सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ज्याची मिळकत एकहाती आहे, निवृत्ती जवळ आहे, महिनाअखेर शंभर रुपयेही शिल्लक पडत नाहीत, आणि ज्यास मुदतीआधी फेडण्याची आशाच नाही, त्याने दर किती वर्षे स्थिर राहणार हे नीट वाचून घेऊन थोडी अधिक किंमत मोजणे हेच शहाणपणाचे. तसेच कर्ज काढण्याच्या वेळी दर फार खाली असले, तर त्यांना वर जाण्यासच अधिक वाव असतो, हेही ध्यानात ठेवावे. २०२१ साली आम्ही तेच विसरलो. परंतु दोहोंपैकी काहीही निवडले, तरी ज्या दराने कर्ज मिळते त्याच दराने आपली शक्ती मोजू नये. बँक मोजते ती आपली पत. ऐपत आपली आपण मोजावयाची असते. पत म्हणजे लोक आपणांस किती देतील ती. ऐपत म्हणजे वाईट दिवसांतही आपण किती परत करू शकू ती. या दोन शब्दांतले एक अक्षर विसरले, की बारीक अक्षरांतली पत्रे कपाटात लपवावी लागतात.

भाच्याने तो निर्णय लगेच घेतला नाही, हे त्याच्या सूज्ञपणाचेच लक्षण. तो घरी गेला आणि दोन दिवसांनी ताईस घेऊन आला. ३१ लाखांत वरच्या दोन खोल्या बसत नव्हत्या, हे तिला त्याने सांगितले होते. ताई बराच वेळ नकाशावर बोट फिरवीत बसली. धाकट्याच्या खोलीपाशी येऊन बोट थांबले. आम्हांस वाटले, आता डोळे भरून येणार. पण ती म्हणाली, "गळके छप्पर मी तीस वर्षे सोसले. न गळणारे, पण दुसऱ्याच्या हाती असलेले छप्पर मला नको. वरचे पुढे पाहू."

ज्येष्ठात पाया भरला. गवंड्यास सांगून खांबांच्या सळया वर हातभर सोडावयाच्या ठरल्या आहेत, म्हणजे पुढे मजला चढविता येईल. चोपड्याच्या नव्या वसाहतींतून फिरताना अशा आकाशाकडे पाहणाऱ्या सळया घरोघर दिसतात. पूर्वी आम्हांस ते अपुरेपणाचे चिन्ह वाटे, आणि आम्ही त्यांस हसतही असू. आता तसे वाटत नाही. त्या घरच्या माणसांनी आपली वही नीट मांडली होती, एवढेच त्या सळया सांगत असतात.